बैठकीतला बैल

धुळ्याच्या एसटीत पुढच्या बाकावरच्या दोघी बोलत होत्या आणि मागे सुनंदाबाई खिडकीबाहेर बघत असल्याचं सोंग करत होत्या.

"झुंबरअक्का, सुनेनं बैठकीत लोखंडाचा बैल मांडलाय म्हणे?"

"स्वतः घडवलाय! आमच्या जुन्या नांगराचं लोखंड जोडून. तिच्या सासऱ्यांच्या सागवानी बैलाशेजारीच उभा केलाय."

"आबा चिडले असतील."

"चिडले तर! म्हणे, भंगार घरात कशाला? पण यंदा ट्रॅक्टर आला, बैल विकले. पोळ्याला गोठा रिकामा. मग आमचे हेच नैवेद्याचं ताट घेऊन बैठकीत आले."

"सागवानी बैल पुजला ना?"

"छे गं! पहिली पुरणपोळी लोखंडाच्या बैलापुढे ठेवली आणि सुनेला म्हणाले, 'पोरी, आपलं सगळं, बठ्ठं वावर आजवर यानीच नांगरेल शे!'"