ओढ्याची वाट

कोंडीराम : मला घेऊन ॲम्ब्युलन्स तलावाच्या भरावावरून खाली उतरली, वस्तीतल्या समद्यांना दिसली, तरी कुणी पळत आलं न्हाय. तवाच मला कळलं.

निकिता : काय कळलं, काका?

कोंडीराम : माझी बायको कस्तुरा गेली म्हणून. माणूस जिता असला की लोक गाडीकडं पळत येत्यात. हात करत्यात, इकडून घ्या, तिकडून घ्या. त्या दिवशी समदी आमच्या दारातच उभी. डायवर म्हणला, काका, हॉर्न वाजवू का? म्हणलं, नगं.

बसवराज : अय्यो. कवाची गोष्ट ही, तात्या?

कोंडीराम : भादव्यातली. परवा तीन महिने झाले.

निकिता : मला कुणी सांगितलंच नाही. सरपंच म्हणाले, एक जुने मुकादम आहेत, त्यांना वाट पाठ आहे. म्हणून तुम्हाला गाडीत घेतलं. आज नको असेल तर उतरा काका, आम्ही बघतो आमचं.

कोंडीराम : सरपंचाच्या मागं म्याच लागलो मॅडम. म्हणलं, पवनचक्कीवाले ओढ्याची वाट बघणार असतील तर मला घेतल्याबिगर जाऊ देऊ नगा.

निकिता : बरं. मग आधी समजून घ्या. पवनचक्कीची पाती आणणारे मोठे ट्रेलर तलावाच्या रस्त्यानंच येणार, ते ठरलंय. ही वाट बघायची ती रोजच्या गाड्यांसाठी. सिमेंट, डिझेल, कामाची माणसं. मागं वीस पोती टाकलीत. भरलेली पिकअप इथून वर माळावर गेली तर वाट पास. कंपनी मुरूम टाकून रोलर फिरवेल. नाही गेली तर विषय बंद.

बसवराज : आणि अडकली तर पोती उतरवायला बसवराज. माझी कंबर कुणी पास-नापास करत न्हाय.

कोंडीराम : एक करा मॅडम. इथून फाट्यापासून घड्याळ लावा.

निकिता : वेळ लिहायची नसते ह्यात. रुंदी, चढ, वळणं एवढंच.

कोंडीराम : कागदावर नगं. माझ्यासाठी लावा.

निकिता : लावलं. मोबाईलवर चालू केलंय बघा. चला, बसवराजभाऊ.

बसवराज : तात्या, वरची कडी धरा. आणि दाराला टेकू नका, त्येचं काय खरं न्हाय. आपल्या मनानं उघडतंय.

कोंडीराम : डाव्या अंगानं घे. उजवीकडं वरनं वाळलेलं दिसतंय, खाली चिखल हाय.

निकिता : इथं रुंदी साडेतीन मीटर. ठीक आहे. काका, तलावाचा रस्ता तुम्हीच केला म्हणे?

कोंडीराम : आमीच. दुष्काळात, रोजगार हमीवर. म्या हजेरी घ्यायचो, ती खडी फोडायची. बायकोचं नाव आधी घेतलं तर लोक बोलतील, म्हणून तिचं नाव म्या समद्यात शेवटी पुकारायचो. ती म्हणायची, इथं शेवटी घ्या, पर घरी तरी पयलं घेत जावा.

बसवराज : काकू भारी दिसत्यात.

कोंडीराम : भारी व्हती. एकदा सायेब आले तपासायला. खडीचा ढीग मापाला कमी भरला. मला म्हणले, मुकादम, हा ढीग कुणाचा? म्या तिच्याकडं बघितलं. तीच म्होरं आली, म्हणली, माझा हाय, आणि मुकादमाला इचारू नगा, त्यो मला भितो.

निकिता : खरंच भीत होता?

कोंडीराम : व्हय की. गाडी हळू घे रं, म्होरं बाभळीची फांदी आडवी हाय.

बसवराज : दिसली. तात्या, एक इचारू? फाट्यावरून तुमची वस्ती इकडून एवढी जवळ, मग ॲम्ब्युलन्स भरावावरून कशाला नेली त्यानं? लांबचा फेरा की तो.

कोंडीराम : बेचाळीस मिनिटं लागली.

बसवराज : गाडीला ओरखडा पडल म्हणून भ्यायला असेल. असले डायवर बघितल्यात म्या. काढला का न्हाय त्याला?

कोंडीराम : काढला. माझी पोरगी ज्ञानेश्वरी, सास्तूरला दिलीय, तिनं अर्ज केला. डायवरनं मुद्दाम लांबच्या वाटेनं आणली म्हणून. महिन्यात काढला त्याला.

बसवराज : बेस झालं.

कोंडीराम : बेस न्हाय झालं.

निकिता : म्हणजे?

कोंडीराम : अमरनाथ त्याचं नाव. फाट्यावर त्यो म्हणला, काका, ही ओढ्याची वाट जवळची दिसती, घालू का? म्या म्हणलं, नगं. मधी खडक हाय, गाडी चढायची न्हाय. तलावाच्या रस्त्यानं घे. त्यो आमी केलेला रस्ता हाय, दगा द्यायचा न्हाय. असं म्हणलो म्या. आमी केलेला रस्ता.

बसवराज : अय्यो तात्या.

कोंडीराम : पोरगी आली, रडत व्हती. म्हणली, कुठल्या शहाण्यानं लांबनं आणली? म्या गप बसलो. तिला वाटलं, डायवरनं. अर्ज लिहिला, म्हणली, बाबा, सही करा. केली.

निकिता : आणि ती वाट आज पहिल्यांदा गाडीनं बघताय तुम्ही.

कोंडीराम : व्हय. पायी हजारदा गेलतो. गाडी जाती का न्हाय, ते आज कळंल. ह्यो बघा खडक. थांब, मला उतरू दे. खालनं सांगतो.

(पिकअप ओढ्यात खडकापाशी थांबते. कोंडीराम उतरून पुढच्या चाकाजवळ उभे राहतात.)

बसवराज : बघा हं, घालतो. न्हाय, न्हाय चढत. परत बघतो. न्हाय मॅडम, गाडी दम टाकायलीय. लिहा तुमी, नापास. तात्या, तुमचंच बरोबर व्हतं. ह्या खडकावर कुठलीच गाडी चढायची न्हाय. त्या दिवशी अमरनाथ इथंच अडकला असता, मग तर दोन तास गेले असते. बसा वर, माघारी फिरवतो.

निकिता : त्या दिवशी तर पाणीही असेल काका. भादवा होता.

कोंडीराम : पाणी घोट्याएवढं व्हतं. सकाळी म्हशी म्याच पाजून नेल्या व्हत्या. बसवराज, खाली ये.

बसवराज : कशाला?

कोंडीराम : चाकाखालची वाळू बघ. हलली का? एक दाणा हललेला न्हाय. क्लच दाबून नुसता आवाज करायलास.

निकिता : बसवराजभाऊ?

बसवराज : काय करू मॅडम? माणूस तीन महिन्यांनी इथं आलाय. गाडी चढली न्हाय म्हणलं तर घरी जाऊन दोन घास जेवंल. चढली तर काय करंल ते मला ठाव न्हाय. माझे वडील असते तर असंच केलं असतं म्या.

कोंडीराम : तुझं मन चांगलं हाय रं. पर वस्तीत अजून अकरा घरं हायत. गजराबाईची सून आठव्या महिन्यात हाय. तू नापास म्हणलास तर ही वाट कवाच व्हायची न्हाय. माझ्या दोन घासासाठी तिला भरावावरून नेणार का?

बसवराज : न्हाय.

कोंडीराम : मग बस. पयल्या गिअरात घे, चाक त्या खाचंत घाल. ती खाच बैलगाड्यांनी पडलेली हाय. घाबरू नगं. अजून थोडं. ये, ये, ये. सोड आता.

निकिता : चढली.

बसवराज : चढली. वीस पोत्यांसकट.

कोंडीराम : चढली.

निकिता : काका, पाणी प्या. बसा जरा.

कोंडीराम : वर जाऊन पितो. चला.

बसवराज : तात्या, रागावला का माझ्यावर?

कोंडीराम : रागावलो असतो तर खाच दाखवली असती का? म्होरं बघून चालव.

निकिता : तो चढ मोजायचा राहिला... असू दे, येताना घेते. काका, ती पत्र्याची घरं तुमचीच वस्ती ना?

कोंडीराम : व्हय. निळं दार आमचं. घड्याळ बंद करा.

निकिता : केलं. खडकापाशी थांबलो ती चार मिनिटं वजा करून, एकोणीस.

कोंडीराम : एकोणीस. गजराबाई म्हणली, तुमी यायच्या आधी पाव तास झाला जीव जाऊन. बेचाळीसातनं पंधरा गेले तर राहिले सत्तावीस. म्हंजी आठ मिनिटं घावली असती.

निकिता : आठ मिनिटांत दवाखाना गाठता आला नसता, काका.

कोंडीराम : ठाव हाय. तालुक्याला, वाशीला पोचायलाच तास लागला असता. दवाखान्याचं म्हणत न्हाय म्या. ती सारखी दाराकडं बघत व्हती म्हणं. इचारत व्हती, आले का. मॅडम, वाट पास लिहिली का?

निकिता : लिहिते. खडक एक हात फोडावा लागेल, चिखलात दगड भरावे लागतील. पण पास.

कोंडीराम : आणि एका वेगळ्या कागदावर ती एकोणीस मिनिटं लिहून सही करून द्या.

निकिता : कशाला हवंय?

कोंडीराम : ॲम्ब्युलन्सच्या हापिसात जायचंय. सांगायचंय, डायवर बरोबर व्हता, वाट म्या चुकवली. नुसतं तोंडानं सांगितलं तर म्हणतील, म्हाताऱ्याला दुःखानं काय सुचत न्हाय. कागद असला की ऐकत्यात.

बसवराज : तो अमरनाथ आता कुठं असतोय?

कोंडीराम : तुळजापुरात. देवीला येणाऱ्या लोकांची जीप हाकतो म्हणं. काम कधी हाय, कधी न्हाय.

बसवराज : मी उद्या तुळजापूरलाच जायलोय, क्रेनचा पट्टा आणायला. बसा गाडीत. आधी त्याच्याकडं जाऊ, मग हापिसात. एका दिवसात उरकतंय.

कोंडीराम : उद्या न्हाय जमायचं.

निकिता : का, काका? कागद देते ना मी आत्ता.

कोंडीराम : कागदाचं न्हाय. अर्जावर पयली सही पोरीची हाय, माझी तिच्या खाली. आधी सास्तूरला जायला पाहिजे.

निकिता : फोन लावून देऊ? इथं वर रेंज आहे.

कोंडीराम : फोनवर नगं. आई गेल्यापासनं ती रोज मला फोन करती. जेवलाव का इचारती. म्हणती, बाबा, तुमी तर पळत गेलताव गाडी आणायला, तुमचा काय दोष. रोज म्हणती.

बसवराज : मग सास्तूरला सोडतो. वाकडं पडलं तरी चालंल. कवा जायचं बोला.

कोंडीराम : बसवराज, पोती उतरव आधी.

बसवराज : उतरवतो. पर तात्या, अडलंय कुठं?

कोंडीराम : अडलं कुठंच न्हाय. पोरीला अजून सांगितलं न्हाय, एवढंच.