वायलीचा उजवा हात

...आणि वर सगळं गाव मलाच म्हणतंय, "बस्टर, तुझ्या टाळक्यामुळे झालं!" माझ्या? अहो, टाळकं माझं, टेंगूळ माझं, दात पडले ते माझे, आणि बोलणी पण मीच खायची? बरं, माझं चुकलं नाही, तर मग वायलीचं काय चुकलं? तुम्हाला सांगतो, ते पण आजवर कुणी सांगितलेलं नाही!

वायली ट्रॅमेल. आमच्या ड्राय फोर्कच्या शाळेचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा. हात काय हात! एकदा कोच हॅगर्टीच्या पिकअपच्या एका खिडकीतून बॉल आत आणि दुसऱ्या खिडकीतून बाहेर... पिकअप चालू होती आणि आत कोच होता! मार मी खाल्ला, पैज माझी होती ना. मी सेंटर. माझं काम म्हणजे वाकायचं, बॉल दोन पायांमधून मागे वायलीला द्यायचा आणि समोरून जो बैल येईल त्याला डोकं घालायचं. डोक्याला आपण भीत नाही. शाळेतल्या लॉकरचं दार मी डोक्याने चेपलंय, एका बरिटोसाठी. बरिटो शिळा निघाला, ते सोडा.

तर आमच्याकडे पोरंच कमी, अकरांची टीम होत नाही, म्हणून आम्ही सहा-सहा जणांचा फुटबॉल खेळतो. पायाचा नाही हो! हा हातातला, हाडं मोडायचा. आणि यात एक कायदा आहे. हाफटाइमला तुम्ही पंचेचाळीस पॉइंटांनी पुढे असलात की खेळ बंद, दिवे बंद, घरी चला. का? तर म्हणे समोरच्या पोरांवर दया! आणि वायली असला की पंचेचाळीस होणारच, दुसरं काय होणार? आमच्या पोरांनी अख्ख्या सीझनमध्ये दुसरा हाफ कसा असतो तो बघितलेलाच नाही!

कॉलेजचा माणूस आला होता ना बघायला, चांगला खेळाडू दिसला की फुकट शिकायला घेऊन जातात. मिस्टर प्रुएट. आधी पोट आलं, मग टोपी, मग तो. लबक शहराच्या पलीकडून गाडी हाणत येत होता, वाटेत ब्रिस्केट, म्हणजे धुरावर भाजलेलं मांस, खायला थांबला. पोचला तेव्हा मैदानात काळोख, आणि वायलीची आई मिस डार्ला आपल्या स्टॉलवर चिलीचं, म्हणजे खिमा-बीन्सच्या रश्श्याचं, पातेलं खरवडतेय.

"मॅडम, इथे मॅच होती ना?"

"होती की. तुम्ही ओठाला सॉस लावत होतात तेव्हा संपली."

"ओह."

"आकडे तरी बघा ना सर माझ्या पोराचे!"

"सहा जणांच्या खेळातले आकडे? मॅडम, एवढ्या मोकळ्या कुरणात माझी आजीसुद्धा फेकेल!"

आता सांगा, वायलीचं काय चुकलं? चांगला खेळला म्हणून दिसला नाही, आणि कुठे खेळला म्हणून मोजला नाही! आणि कॉलेज मिळालं नाही तर शाळा संपली की वायली सरळ मामाबरोबर तेलाच्या रिगवर. मामाच्या दोन्ही हातांची मिळून बोटं सात आहेत. जेवताना मोजतो मी.

मिस डार्लाने फोन करकरून त्या प्रुएटला अजून एकदा यायला लावलं. मॅच कुणाशी? तर शेजारच्या गावाशी, कॅलिची वेल्सशी! अरे देवा! ती पोरं म्हणजे नुसती उभी कणसं. हाफटाइमच्या आतच पंचेचाळीस होणार, प्रुएट परत अंधारात येणार! मग माझं डोकं चाललं. वायली सोडून बाकीच्या चौघांना संडासात कोंडलं आणि सांगितलं, "खेळ लांबवायचा. मधूनमधून त्यांचा एक गडी आत सोडायचा, वायलीवर. वायलीला कळू द्यायचं नाही, तो लबाडी करत नाही." नाचो इबारा म्हणाला, "लागेल रे त्याला." मी म्हटलं, "कॅलिची वेल्सचा मार? गुदगुल्या होतात!"

सोडायचा कुणाला? कोल्टर ब्रॅक. चौऱ्याहत्तर नंबर. पोरगं कसलं, हातपाय फुटलेला गोठा! पण भित्रं. आयुष्यात कुणाला पाडलेलं नाही. मी बॉल मागे दिला आणि दार उघडावं तसा बाजूला झालो. तर ते येडं थांबलं!

"जाऊ?" म्हणतंय.

"जा की लेका!"

गेलं. धप्प! तुम्हाला सांगतो, गाडीखाली भोपळा आल्यावर होतो ना, तो आवाज. वायलीचं हेल्मेट एकीकडे, वायली एकीकडे, तोंडात अर्धं मैदान.

"बस्टर! झोपलास काय रे?"

"घसरला रे पाय!"

दुसऱ्यांदा पण घसरला. तिसऱ्यांदा वायलीच्या बरगड्या वाजल्या, मला ऐकू आल्या. आणि स्टँडात प्रुएट वेळेवर येऊन बसलाय, हातात पॉपकॉर्न! मी खूश! वर बोर्ड बघतोय, फक्त बारा पॉइंटांचा फरक, वा रे बस्टर! मग म्हटलं पुरे, आता अडवतो... तर कोल्टरला चटक लागलेली! मी डोकं घातलं, त्याने कोपर घातलं. दोन दात त्या गवतात आहेत अजून. नाचोला त्याने उचलून कुंपणावर वाळत घातला. शिट्टी मारली म्हणून रेफरीला पण आडवा केला, आणि शिट्टी रेफरीच्या घशात! तो खोकतोय, शिट्टी वाजतेय, तो खोकतोय, शिट्टी वाजतेय! मग दोन्हीकडची माणसं मैदानात. कोच हॅगर्टीने त्यांच्या कोचच्या डोक्यात पाण्याचा कूलर घातला, आमच्या पाद्रीबाबांनी त्यांच्या पाद्रीबाबांचा कान धरला, आणि मिस डार्ला? गरम चिलीचं पातेलं घेऊन, "कुणी मारलं माझ्या लेकराला?" कोल्टरच्या काकाच्या टकलावर पूर्ण पातेलं! बीन्ससकट!

एकीकडे भांडण, एकीकडे शेवटचा डाव. आता आम्हीच चार पॉइंटांनी मागे. वायलीचा एक डोळा बंद, नाकातून नळ चालू, उभा राहतो तोच वाकडा. मी बॉल दिला, आणि खरं सांगतो, त्या वेळी मी जीव गेला तरी हललो नाही. कोल्टर माझ्या मानेवर उभा होता. आणि वायलीने फेकला... असा फेकला... वर दिव्यांच्याही वर गेला हो, सगळं भांडण थांबलं, रेफरीची शिट्टीसुद्धा थांबली... आणि कुंपणावरून सुटून टोकाला पळणाऱ्या नाचोच्या हातात अलगद, अंड्यासारखा! जिंकलो!

मी पहिलं स्टँडकडे बघितलं. प्रुएट उभा. पाठ आमच्याकडे. फोन कानाला.

"हो हो, चौऱ्याहत्तर! कोल्टर ब्रॅक! भिंती फोडतो हो पोरगा! सही घेऊनच निघतो!"

सांगा, यात वायलीचं काय चुकलं?

बाहेर पार्किंगमध्ये वायली पिकअपला टेकून रक्त थुंकत होता. मला वाटलं, त्याचं मन हलकं करावं. म्हटलं, "वायली, तू वाईट खेळला नाहीस रे, त्याला मीच सोडत होतो! तुझ्यासाठीच!"

तो सरळ झाला. उजवा हात मागे गेला. नाकावर येत होता, पण मी पडलो सेंटर, सवय... डोकं घातलं! कडाक्! मी बसलोच खाली. आणि मागून आवाज, "अरे! हा हात! खांदा कसला फिरला पोराचा!" प्रुएट! पळत आला, पोट धरून.

"पोरा, तू खेळतोस का कुठे?"

"मी क्वार्टरबॅक आहे, सर."

"कुणाचा?"

"तुम्ही आत्ता बघितलंत ना, त्याच टीमचा."

"तो... आडवा होता तो? घे बरं बॉल. एकदा फेकून दाखव. एकदाच."

वायलीने बॉल घेतला. बोटं मिटेचनात. मुठीचा हा एवढा तमाले झालेला, बघताबघता फुगत होता. तरी त्याने दात खाऊन हात मागे नेला... आणि बॉल त्याच्याच बुटावर पडला. मिस डार्ला रिकामं पातेलं घेऊन बघत उभी होती.

"हं," प्रुएट म्हणाला, "सहा जणांचा खेळ," आणि गाडीत बसला.

कोल्टरचं कॉलेज पक्कं झालं. मला टी-शर्ट पाठवलाय, आभारी आहे म्हणून. वायलीचं प्लास्टर निघालं नाही अजून, मामा रोज येऊन विचारून जातो. मी डब्याच्या सुट्टीत त्याचा टॅको धरतो, तो खातो, बोलत नाही. काल पहिल्यांदा बोलला.

"बस्टर, डोकं कसंय तुझं?"

"एकदम झकास!"

"वाटलंच."

आता मी रात्रंदिवस विचार करून दमलो, वायलीचं काय चुकलं... आणि सापडलं बघा. मला मारायचंच होतं, तर गाढवाने डाव्या हाताने मारायचं!