वहीतली भट्टी

(जालन्यातली सळ्यांची मिल, १९९८. दिवसपाळी. काचेच्या खोलीत इंजिनिअर भुजंग आणि भट्टी सांभाळणारे पुंजाराम.)

भुजंग : हात काढा चाकावरून, पुंजारामकाका. तेल किती सोडायचं ते आता कंप्युटर ठरवणार.

पुंजाराम : काढला. किती सोडून राह्यला तो?

भुजंग : दीडपट. भट्टी साडेअकराशे अंशांवर आहे, आज बाराशे पाहिजे.

पुंजाराम : दीडपट! थोडंथोडं सोडा साहेब. वर गेली की बिथरते ही. मंग जराशा तेलालाबी भडकते.

भुजंग : दोन वर्षांच्या वह्यांतले आकडे घातलेत त्याच्यात. सहा महिने डोळे फोडले मी. किती तेलाला किती तापेल, दहा मिनिटांनी कुठं जाईल, सगळं आधीच सांगतो तो.

पुंजाराम : वह्या तर माह्याच हातच्या.

भुजंग : म्हणून तर भरवसा आहे. तेल कितीही असो, भट्टी अकराशे ऐंशीच्या वर कधी गेलेलीच नाही.

पुंजाराम : भट्टीच्या दारापाशी कोण हाय?

भुजंग : म्हस्कू. लोखंड ओढायला उभाय.

पुंजाराम : हटवा त्याला. जाळ दारातून भाईर येईल.

भुजंग : कशावरून? खाली मालक उभे आहेत, काका. कारण सांगा.

पुंजाराम : रिटायर व्हायला दोन वर्षं राह्यली माही.

भुजंग : त्याचा काय संबंध? काटा अकराशे नव्वदवर आलाय!

पुंजाराम : वहीतले आकडे खोटे हायेत! ऐंशीच्या वर गेलं की जुना मॅनेजर लेखी खुलासा मागायचा. मला दोन ओळी लिवायच्या तं घाम फुटतो. साडेबाराशे गेली तरी अकराशे ऐंशीच लिवलं. तेल तेवढं बराबर, ते मीटरवर दिसायचं.

भुजंग : म्हणजे याला वाटतंय, कितीही ओतलं तरी ही तापत नाही. म्हणून ओतत सुटलाय!

पुंजाराम : बंद करा जल्दी! म्हस्कू! अय म्हस्क्या, मागं हो!

भुजंग : केलं बंद. बाप रे, केवढा जाळ! हटला का तो?

पुंजाराम : हटला. भिंतीला टेकून बसला. भिवया जळाल्या, पर बोलून राह्यला.

भुजंग : मालक जिना चढून येताहेत, काका. खरं सांगितलं तर नोकरी जाईल तुमची.

पुंजाराम : मालकाला तुम्ही सांगा. म्हस्कूला मला सांगावं लागंल.