वाटाड्या

कमांडोंचं कौतुक मला सांगू नका, अण्णा. परवा केशवापूरच्या शाळेत एका निवृत्त कमांडो साहेबांचा सत्कार झाला. मी साध्या पलटणीतला हवालदार, म्हणून मला मागचा बाक. साहेब सीमेवरची एक टेकडी कशी जिंकली ते रंगवून सांगत होते. एका मुलीनं विचारलं, "सर, वर जायची वाट कुणी दाखवली?"

"होता तिथलाच कुणीतरी वाटाड्या."

अहो, ती वाट आमच्या पलटणीनं दोन हिवाळे खपून शोधली. त्यात आमचा बसप्पा सुरुंगावर पाय पडून गेला. चढाईच्या दिवशी साहेबांच्या पुढं मी चालत होतो.

कार्यक्रम संपल्यावर गाठलंच त्यांना. म्हटलं, "साहेब, तो वाटाड्या मी. तिथला नाही, इथला, शेजारच्या उणकलचा."

"अरे वा! बरं झालं भेटलास," म्हणाले आणि मोबाईल माझ्या हातात दिला. "मुलांबरोबर माझा एक फोटो काढ."