यादीवर टाकलेलं पत्र

भाचा : आत्या, ते पत्र फक्त तुझ्यासाठी होतं. पहिल्याच ओळीत तसं लिहिलं होतं.

आत्या : वाचलं मी. आधी बूट काढ, लादी आत्ताच पुसलीय.

भाचा : वाचलंस, आणि तरी यादीवर टाकलंस? चार हजार माणसांना ईमेल जातं त्या यादीवरून.

आत्या : चार हजार दोनशे. फोनची ही खुली सिस्टिम सगळे मिळून लिहितात, तर तिच्याबद्दल काहीही असेल ते यादीवर, सगळ्यांसमोर बोलायचं. एकोणीस वर्षं हाच नियम आहे. तुमच्या कंपनीनेही मानलेला.

भाचा : तो कोडबद्दल. हे कंपनीच्या आतलं होतं. पुढच्या मॉडेलला कुलूप लागणार, आमच्याशिवाय कुणाचीही सिस्टिम त्यावर चढणार नाही, हे जाहीर व्हायला अजून दोन महिने होते. लोकांना हे कसं समजवायचं, एवढंच तुला विचारलं होतं मी.

आत्या : मग मी लोकांनाच विचारलं.

भाचा : थट्टा नको करूस. सकाळपासून ऑफिसात कुणी माझ्याकडे मान वर करून बघत नाहीये. चार वाजता साहेबांनी बोलावलंय. नोकरी जाईल माझी.

आत्या : पाणी पी आधी.

भाचा : पाणी नकोय मला.

आत्या : साहेब म्हणजे तोच ना, कुरळ्या केसांचा? कंपनी सहा माणसांची होती, एका खोलीतली. पंखा लावला की कागद उडायचे, म्हणून घामाघूम होऊन बसायचे सगळे. त्यानेच तेव्हा यादीवर लिहिलं होतं, फोन तुमचा, तो उघडायचा हक्कही तुमचा. ते वाचून यादीवरचे एक जण, आम्ही त्यांना घड्याळजीच म्हणतो, दोन वर्षं फुकट राबले. तुमच्या पहिल्या फोनचं घड्याळ रोज सात मिनिटं मागे पडायचं, आठवतं?

भाचा : पन्नास वेळा सांगितलंयस.

आत्या : मग एक्कावन्नाव्यांदा ऐक. बॅटरीचा भाग मी लिहिला, या टेबलावर. अकरा फोन उघडे पडलेले असायचे इथे. तुझे काका ताट मांडीवर घेऊन जेवायचे.

भाचा : आणि तोच भाग दुसरी कंपनी जसाच्या तसा उचलते आणि आमच्यापेक्षा स्वस्त फोन काढते. स्वतःचा एक माणूस लावत नाही. आमची दोनशे माणसं कोड लिहितात आणि तो सगळ्यांना खुला देतात. आमचं स्वतःचं असं काही नको का? दुकान चालवायचं तर कुलूप लागतंच.

आत्या : दुकानाला लावा ना. गिऱ्हाईकाच्या कपाटाला कशाला?

भाचा : तुम्हाला बोलायला काय जातंय. तुम्हाला फोन विकायचे नसतात.

आत्या : ते मात्र खरं. दोनशे माणसं पोसायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. पण तुझ्या आईचा फोन नऊ वर्षांचा आहे. तुम्ही तिसऱ्या वर्षीच त्याला नवी सिस्टिम देणं बंद केलंत. तो चालू ठेवला यादीवरच्या लोकांनी. कुलूपवाल्या फोनचं तिसऱ्या वर्षी काय होणार?

भाचा : नवीन घ्यायचा.

आत्या : हे वहिनीला सांग. माझ्यादेखत सांग.

भाचा : मी वाद घालायला आलेलो नाही. हा कागद वकिलांनी दिलाय. तू सही केलीस तर माझी नोकरी वाचते.

आत्या : काय लिहिलंय? चष्मा आत आहे माझा.

भाचा : की असं पत्र मी लिहिलंच नव्हतं. घरी गप्पा झाल्या, तुझ्या ऐकण्यात चूक झाली आणि तूच ते लिहून टाकलंस.

आत्या : म्हातारीला ऐकू येत नाही, असं.

भाचा : 'वयोमानानुसार' असं लिहिलंय.

आत्या : म्हणजे कुलूप वगैरे काही नाही, असं मी यादीवर सांगायचं.

भाचा : दोन महिन्यांचा प्रश्न आहे. नंतर कळेलच सगळ्यांना.

आत्या : आणि त्यानंतर मी काही लिहिलं तर कोण खरं मानेल?

भाचा : मला दुसरा रस्ता दिसत नाहीये, आत्या.

आत्या : एक विचारू? एवढ्या वर्षांत मी या कामाचं एक अक्षर तरी कुणाला खाजगीत लिहिलंय?

भाचा : नाही. माझं लग्नसुद्धा यादीवर टाकलं होतंस. 'बॅटरीचं काम आठवडाभर बंद, भाच्याचं लग्न आहे.'

आत्या : किती जणांनी आशीर्वाद दिले.

भाचा : बायको अजून चिडवते.

आत्या : हे सगळं माहीत असून पत्र मलाच का पाठवलंस? कंपनीत शहाणी माणसं थोडी आहेत का?

भाचा : चार वाजता पोचायचंय मला, आत्या.

आत्या : नको सांगूस. दे तो कागद.

भाचा : सही करतेस?

आत्या : तुझ्या घरात दोन पोरं आहेत. यादीचं काय, माझ्यावाचून चालेल. थांब, चष्मा शोधून आणते.

(आत्या आत जाते. भाच्याचा फोन वाजतो.)

भाचा : हो साहेब... हो, तिच्याकडेच आहे... नाही, सही नाही झाली... नाही साहेब, तिच्या ऐकण्यात काही चूक नाही. पत्र मीच लिहिलं होतं... हो, कुणाला पाठवतोय ते कळत होतं मला... चार वाजता येतो.

आत्या : मिळाला एकदाचा, उशीखाली होता. कुठे करू सही?

भाचा : राहू दे ते. चष्मा लावलाच आहेस तर आईचा फोन बघ जरा. परवापासून बॅटरी लवकर उतरतेय म्हणते.