नानांचा तळवा

मंडळी, एक सांगा! देवापुढे हात जोडून आपण रोज काय मागतो? "देवा, दुखू देऊ नकोस!" बरोबर ना? आता समजा, देवाने ऐकलं. दुखणंच काढून घेतलं! तर तो वर, की शाप? थांबा, लगेच माना हलवू नका! आधी नाना निकुंभांची गोष्ट ऐका.

नाना म्हणजे चोपड्याचे शिंपी. डोळे मिटून, नुसतं चिमटीत धरून कापड ओळखायचे! पण साखरेचा जुना आजार. दिवाळीला त्यांची मुलगी कुमुद माहेरी आली. पाया पडली. उठते तर काय — फरशीवर रक्ताचे ठिपके! नानांच्या तळव्यात मशीनची मोडकी सुई. अन् नाना विचारतात, "कुणाला लागलं गं?"

हसलात? कुमुदही आधी हसली. मग घाबरली — साखरेने नानांचे पाय बधिर झाले होते!

सुई निघाली, जखम राहिली. दीड महिना मलमपट्टी, तरी भरेना! डॉक्टर म्हणाले, "अशीच चिघळली तर पाऊल काढावं लागेल." पायाने मशीन चालवणारा माणूस तो! मग त्यांना पाठवलं शाहीनताईंकडे. त्या फिजिओथेरपीवाल्या.

नाना कुरकुरले, "जखमेला कसला व्यायाम? पोरी, मी शिंपी आहे. दोन टाके घाल अन् मोकळी हो!"

"आधी डोळे मिटा, काका. हा नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवते. कळलं की 'लागला' म्हणा."

"लागला!... लागला!... लागला!"

कुमुदचा जीव भांड्यात पडला. अन् मग, मंडळी, तिने नीट पाहिलं — ताईंचा हात हवेतच! दोरा टेकलाच नव्हता! तरी नाना आपले — "लागला!"

"काका, कसं कळलं?"

"तुझी बांगडी वाजली की! वाजली म्हणजे हात हलला, हलला म्हणजे लागला असणार!"

वा रे तर्क! 'कळत नाही' म्हटलं तर पाऊल जाईल, ही धास्ती. म्हणून खोटं! अन् कुणाशी? आपल्याच पायाशी!

ताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, ज्याला दुखतं तो लंगडतो, जखमेवर भार देत नाही. तुम्हाला दुखत नाही, म्हणून तुम्ही ताठ चालता — अन् भरत आलेली जखम रोज उसवता! त्या शिवणीला टाका टिकेल?"

उसवता! दोरा लागला नव्हता, मंडळी — हा शब्द लागला!

मग नाना लंगडायला शिकले. हो, शिकले! जखमेवर भार येऊ न देणारी चप्पल, काखेत कुबडी. घोटा आखडलेला, म्हणून सगळा भार पंज्यावर. घोटा सुटावा म्हणून खुर्चीत बसून पाऊल वर-खाली, वर-खाली. "मशीन नाही, कापड नाही, नुसतंच पायडल!" नाना म्हणायचे. कुमुद माहेरीच राहिली. रोज तळव्याखाली आरसा धरायची.

होळीपर्यंत जखम मिटली. पाऊल राहिलं!

पुढे सात वर्षांनी नाना गेले, हृदयाच्या झटक्याने. शेवटच्या दर्शनाला आलेले लोक अंगठ्याला हात लावून जात होते. कुमुद मात्र खाली बसली. तळव्याला कपाळ टेकलं. तिथे सुईएवढा वण होता.

तिला तो लागला.

मंडळी, आपण पाया पडतो — पण वरून! तळवा कोण बघतं? आज घरी गेलात की म्हणा, "आई, जरा पाय वर घे, बघू दे." ती म्हणेल, "काही दुखत नाही रे!"

— तर मग दिवा जवळ घ्या, अन् आणखी नीट बघा!