टाकीत थांबलेलं गाणं

आईशपथ, हा किस्सा शंभर टक्के खरा आहे. बरं, नव्वद धरा! बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गिरणीची जमिनीखालची टाकी आटली आणि गाळ काढायला शिवप्पा कमरेला दोर बांधून आत उतरला. मुकादमांचा नियम असा, की आतल्यानं सारखं गात राहायचं; गाणं थांबलं की वरच्यांनी ओढायचं.

तिसऱ्या कडव्याला आवाज बंद!

"वडा रं!" मुकादम ओरडले. आम्ही चौघांनी असा हिसका दिला, की शिवप्पा बुचासारखा बाहेर! चेहरा पांढराफटक. बऱ्याच वेळानं डोळे उघडून म्हणाला, "कडवं इसरलो की वो."

"लेका, आतली हवा संपली हुती! अजून जरा थांबलो असतो, तर सोताचं नावबी इसरला असतास," मुकादम म्हणाले.

यात खोटं एवढंच: शिवप्पा खरं तर वर दोर ओढत होता. आत मी होतो.